अपरिग्रह आणि मामांची इंजिनं

आजचा श्लोक गीतेच्या सहाव्या अध्यायातला दहावा. त्यातल्या 'अपरिग्रह' या एकाच शब्दापाशी थांबूया.

इंग्लंडमधले माझे मामा गेल्या वर्षी गेले. मागे राहिल्या मामी आणि कपाटभर हॉर्नबी डब्लोच्या छोट्या आगगाड्या. मामींना आता लहान घरात जायचंय, म्हणून लिलाव. यादी माझ्याकडे आली. (स्प्रेडशीट म्हटलं की सगळ्यांना इंजिनिअर भाचा आठवतो!)

डब्लो १९३८ साली बाजारात आली. रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर, आधी तीन रुळांची, १९५९ पासून दोन रुळांची. लिलावात मूळ रंगाला आणि मूळ खोक्याला भाव असतो. रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्यालासुद्धा! मामांनी एक इंजिन महिनाभर खपून नव्याने रंगवलं होतं. बाजाराच्या हिशोबात तेच सगळ्यात स्वस्त.

अपरिग्रह म्हणजे सगळं देऊन मोकळं होणं, असं आपण पटकन म्हणतो. मला ते पटत नाही. वस्तूचं मोल न कळता दिली, तर ती नुसती आवराआवर झाली. मामींनी एकेक डबा पुसला, कुठून आणला ते सांगितलं, मगच माझ्या हातात दिला. घट्ट धरणं नाही, फेकणंही नाही.

राखीव किंमत म्हणजे त्याखाली बोली थांबली तर वस्तू परत येते. रंगवलेल्या इंजिनाला किती लावू, मी विचारलं.

"काही लावू नकोस रे," मामी म्हणाल्या. "ज्याला चालवायचंय त्याला मिळू दे."