उलट्या तारखेचा जपानी चहा

आमच्या विहिरीच्या पाण्यात खोट नाही, हे आधीच सांगून टाकते. आमच्या फ्रिजमध्येही नाही. आणि जन्मभर दुधाचा, गवती चहाची पात घातलेला चहा प्यायलो म्हणून आमच्या जिभा बोथट झाल्यात, असंही नाही. हे तिन्ही ठपके माझ्यावर एका चहाविक्यानं ठेवले, तेही पैसे मोजून घेतल्यावर. त्याचं नाव लिहीत नाही. तसले आणखी बरेच आहेत आणि हे लिहिते आहे ते त्या सगळ्यांसाठी.

जपानी हिरव्या चहाची गोडी लावली भाच्यानं. तो तोक्योत निशीकसाईला असतो. चतुर्थीला येताना सेंचाची दोन-चार पाकिटं आणतो. गरम सेंचा मला कधी फारसा रुचला नाही, पण तीच पानं गार पाण्यात टाकून फ्रिजमध्ये ठेवली की पाण्याला जी चव येते, ती वेगळीच. गोडसर, भरलेली, जिभेवर रेंगाळणारी, कडवटपणा जवळजवळ नाहीच. भाच्यानं कारणही सांगितलं. तुरटपणा आणणारी कॅटेचिनं आणि कॅफिन गरम पाण्यात भराभर उतरतात, गार पाण्यात कमी. गोडवा देणारं थेअनिन मात्र गार पाण्यातही चांगलं विरघळतं. इथे मालवणजवळच्या कुंभारमाठात मे महिन्याच्या दुपारी, मासळीचं जेवण झाल्यावर, सोलकढीनंतर तासाभरानं हा चहा पाहुण्यांना देऊ लागले. मुंबई-पुण्याचे पाहुणे खूश. रात्रीची झोप उडत नाही म्हणून म्हातारी माणसंही खूश.

मग पाहुण्यांच्या मोसमासाठी जास्त चहा लागणार हे उघड होतं. भाच्याला किती ओझं वाहायला लावणार? म्हणून 2025च्या शिमग्यानंतर शहरातल्या या गृहस्थाकडून मागवला. ‘शिझुओकाचा आहे, थेट बागेतला, नवीन माल.’ फोनवर बोलणं इतकं मधाळ की आपण त्याच्या घरातलेच वाटावं. चंदेरी पाकिटं आली. सगळा मजकूर जपानीत. तारीख कुठे आहे विचारलं तर त्यानंच दाखवली: 23.06.25. ‘बघा मॅडम, 23 जून 2025. मोसम आरामात निघेल.’

पहिली बाटली गाळली तेव्हा रंग हिरवा नव्हे, पिवळट. चव नाही, वास मात्र आहे. शेजारचे काका ओट्यावर बसले होते, त्यांच्या हातात पेला दिला. एक घोट घेऊन म्हणाले, ‘ह्या काय गो? पेंढ्याचा पाणी? गोरवांक घालूचा काय माणसांक?’ याहून नेमकं वर्णन मला आजवर सापडलेलं नाही.

विक्याला कळवलं. इथून त्याची खरी भाषा सुरू झाली.

आधी म्हणाला, तुमच्याकडचं पाणी खारं. किनाऱ्याला सगळीकडे खारं पाणी असतं, अशी शहरातल्या माणसाची समजूत असते. देवबागेसारख्या खाडी आणि दर्याच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर उन्हाळ्यात विहिरी मचूळ होतात, हे खरं आहे. तिथल्या लोकांनी हा चहा विहिरीच्या पाण्यात करू नये, सरळ बाटलीतलं किंवा आतल्या भागातून आणलेलं पाणी वापरावं. मिठाची पुसटशी चवसुद्धा हा चहा झाकत नाही. पण आमची विहीर आत, चिऱ्याच्या कातळातली. जांभ्यातलं पाणी बहुधा हलकंच असतं आणि जपानातलं पाणीही हलकं. या चहाला तेच मानवतं. बोअरवेलचं पाणी जड असेल, किटलीत पांढरा थर धरत असेल, तर मात्र चव दबते. एक गोष्ट कुठल्याही पाण्याची: आधी उकळून पूर्ण गार केलेलं घ्या. गार पाण्यानं पानांवरचं काहीही मरत नाही, तेव्हा निदान पाणी तरी स्वच्छ हवं. याच कारणानं बाटली ओट्यावर ठेवून चहा मुरवू नये. आमच्या हवेत तर अजिबात नाही.

मग म्हणाला, तुमच्या फ्रिजमध्ये मासे असतात. असतात. मालवणात फ्रिजमध्ये मासे नसतील तर काय असेल? चहाची पानं आसपासचा वास ओढून घेतात, इतकं त्याचं बरोबर होतं. पण मी काचेची, घट्ट झाकणाची बाटली वापरते. मुरवलेली सुरमई खालच्या कप्प्यात, झाकणाच्या डब्यात. आणि चहाला पेंढ्याचा वास येत होता, सुरमईचा नव्हे. तुम्हीही काचच वापरा. ज्या प्लास्टिकच्या बाटलीत कधी आगळ भरलं होतं, ती कितीही घासली तरी चहाला नको.

तिसरं बोलणं मला अजून झोंबतं. ‘मॅडम, दुधाच्या चहाची सवय असलेल्यांना ही चव कळायला वेळ लागतो.’ हे ऐकल्यावर मी वाद थांबवला आणि पुराव्याला लागले.

भाच्यानं आणलेलं एक पाकीट फ्रीझरमध्ये न उघडता ठेवलं होतं. तेही शिझुओकाचंच. दोन सारख्या बाटल्या घेतल्या. एकाच कळशीतलं पाणी, वजनकाट्यावर मोजलेली तितकीच पानं, एकाच कप्प्यात शेजारी शेजारी. दुपारी गाळलं. भाच्याच्या बाटलीतलं पाणी पोपटी, किंचित गढूळ, नेहमीसारखं गोड. दुसऱ्या बाटलीत तोच पेंढा. कोरडी पानं पांढऱ्या ताटलीत ओतून पाहिली तर एक ढीग गर्द हिरवा आणि सुईसारखा, दुसरा तपकिरीकडे झुकलेला. जपानी पानं तोडल्याबरोबर वाफवतात, मग चोळून वाळवतात. उजीजवळच्या नागातानी सोएन यांनी 1738मध्ये ही रीत बसवली असं मानतात. वाफेमुळे पानाचा हिरवेपणा टिकतो. तो गेला असेल तर पान शिळं आहे किंवा सेंचाच नाही. तेव्हा शंका आली की अशा दोन बाटल्या लावा. समोरचा माणूस कितीही बोलका असला तरी दोन बाटल्यांपुढे त्याचं काही चालत नाही.

दोन्ही पाकिटांचे फोटो भाच्याला पाठवले. लगेच फोन आला. ‘मावशी, जपानात तारीख वर्षापासून लिहितात. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस.’ म्हणजे 23.06.25 हे 25 जून 2023 होतं. सेंचाची मुदत साधारण सहा महिने ते वर्षभर असते, म्हणजे ती पानं बहुधा 2022च्या हंगामातली. माझ्याकडे पाकीट आलं तेव्हा मुदत संपून दीड वर्षाहून जास्त काळ लोटला होता. आणि हा माणूस मला पाणी बदलायला सांगत होता! जपानी चहा विकून पोट भरणाऱ्याला जपानी तारीख वाचता येत नाही, हे मी मानायला तयार नाही. वाचता येत होती, म्हणूनच तर त्यानं बोट ठेवून दाखवली.

हे त्याला कळवल्यावर उत्तर आलं: ‘बेस्ट बिफोर म्हणजे एक्स्पायरी नव्हे.’ मग तारीख उलटी का सांगितली? त्यावर उत्तर नाही. निळ्या खुणा उमटल्या आणि फोन बंद.

आता घेणाऱ्यांनी काय पाहायचं ते सांगते.

आयात केलेल्या पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचा 14 आकडी परवाना क्रमांक, मूळ देश आणि छापील किंमत हवीच. जपानी मजकुरावर इंग्रजी स्टिकर चिकटवलेलं असतं, ते हेच. माझ्या पाकिटांवर ते नव्हतं, याचा अर्थ तो माल रीतसर बंदरातून तपासून आलाच नव्हता. आयात होताना मालाची निदान 60 टक्के किंवा तीन महिने, यातली जी कमी असेल तितकी मुदत शिल्लक असावी लागते. असला माल त्या चाळणीतून उतरला नसता. स्टिकर असलं तरी त्याखालची जपानी तारीख झाकलेली नाही ना, ते बघा. विकत घेण्याआधीच पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो मागवा. टाळाटाळ झाली तर तिथंच थांबा.

फार स्वस्त मिळत असेल तर घेऊ नका. चहावरचं सर्वसाधारण आयात शुल्कच 100 टक्के आहे. त्यात 2024पासून माच्चाला जगभर इतकी मागणी आली की उजीच्या जुन्या पेढ्यांनीही गिऱ्हाइकाला किती द्यायचा यावर बंधन घातलं. असल्या बाजारात ताजा सेंचा आपल्याकडे आसामच्या पुडीच्या भावात कोण देईल? जुना माल खपवायची ही चांगली संधी असते, इतकंच. आणि माच्चा म्हणजे भुकटी. ती ढवळून पितात, पाण्यात मुरवून गाळायची नसते. सेंचा म्हणून भुकटी आली तर परत पाठवा.

ताजा चहा हवा असेल तर जपानातली पहिली तोड एप्रिल-मेमधली, हे लक्षात ठेवा. तो माल इथे येईपर्यंत आपला पावसाळा लागलेला असतो आणि आमच्याकडच्या पावसात उघडं पाकीट टिकत नाही. म्हणून मोठं पाकीट घेऊच नका, 50 ग्रॅमचं बस. न उघडलेलं पाकीट फ्रीझरमध्ये ठेवता येतं, पण काढल्यावर खोलीच्या उष्णतेला पूर्ण आलं की मगच फोडा. घाई केली तर गार पानांवर दमट हवेचं पाणी धरतं आणि चहा वाया जातो. उघडल्यावर महिन्याभरात संपवा. वीज गेली की फ्रिज उगाच उघडू नका, हे तर आम्हाला कोणी सांगायला नको.

करायची रीत सोपी. लिटरभर पाण्याला 10 ते 15 ग्रॅम पानं, फ्रिजमध्ये तीन ते सहा तास. जास्त वाफवलेली, बारीक चुरा असलेली पानं लवकर उतरतात, त्यांचं पाणी गढूळ दिसतं. ते तसंच असतं. बाटली हळूच एकदा उलटीसुलटी करा, घुसळू नका. गाळून पानं वेगळी काढा, चहा 24 तासांत संपवा. पानं टाकायची नाहीत. त्यावर कोमट ते गरम, उकळतं नव्हे, पाणी घालून आणखी एक पेला निघतो. साखर नको. पाहुणे मागतात, त्यांना मी लिंबू-सरबत देते.

जपानीच हवा असा हट्ट नसेल तर निलगिरीचा किंवा कांगड्याचा हिरवा चहाही गार पाण्यात चांगला उतरतो. त्यावरची तारीख आपल्याला वाचता येते.

फसलातच तर काय? मी यूपीआयनं पैसे भरले होते. पावती त्यानं दिली नव्हती, पण बँकेतली नोंद आणि त्याचे संदेश माझ्याकडे होते. त्यानं मला ब्लॉक करण्यापूर्वीच सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवले होते. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. आश्चर्य म्हणजे बंद फोन लगेच सुरू झाला. ‘मॅडम, आधी सांगायचं ना,’ असं मलाच म्हणाला. पैसे आले, कुरिअरचा खर्च कापून. माफी नाही, आणि पाण्याबद्दल बोललेलंही मागे घेतलं नाही. ऑनलाइन विकणाऱ्यानं तक्रारीची पोच 48 तासांत द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं, असा 2020चा नियम आहे. तो त्याला लिहून पाठवा. तेवढ्यानंही भागलं नाही तर 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात दावा करता येतो, विक्याच्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत. आम्हा मालवणकरांना ओरोसचा जिल्हा ग्राहक आयोग आहे, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही अर्ज जातो. पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही. मुदत दोन वर्षं.

रक्कम लहान आहे म्हणून सोडून देऊ नका. असल्या विक्यांचा धंदा आपल्या ‘जाऊ दे’वर चालतो. पावती न देणाऱ्याकडून चहा घेऊ नका, आणि घेतला असेल तर 1915 लावा.