केंड माशाची टाकीतील निगा

खाडीच्या जाळ्यात जिवंत सापडलेला केंड मासा घरी काचेच्या टाकीत जगविता येतो. मात्र त्यास हाताने पाण्याबाहेर उचलू नये. भांड्यात पाण्यासह घ्यावे. घाबरल्यास तो फुगतो. पाण्याबाहेर फुगल्यास पोटात हवा शिरते व ती न निघाल्यास तो दगावतो. टाकीत त्या खाडीइतकेच खारे पाणी ठेवावे, दर आठवड्यास त्यातील काही बदलावे व उरलेले खाद्य त्वरित काढावे. याचे दात सतत वाढतात. ते झिजावेत म्हणून कवचासकट लहान कुर्ल्या व शिंपल्या घालाव्यात, अन्यथा खाणे अशक्य होऊन मासा उपाशी मरतो. तो इतर माशांचे पर कुरतडतो, म्हणून एकटाच ठेवावा. मेलेला केंड कोणीही खाऊ नये; त्याचे विष शिजविल्याने नाहीसे होत नाही. कुत्र्या-मांजरांच्या तोंडी लागणार नाही असा तो खोल पुरावा.