हिंगणघाटच्या पुतण्याला आत्याचं पत्र

चि. मंगेश,

तुझ्या आईचा फोन आला होता. भिशीचे पैसे मोबाइलवरच्या रमीत गेले, भिशीतल्या बायकांना ते कळलं आणि त्या दिवसापासून तू उंबरठा ओलांडला नाहीस, असं ती रडतरडत सांगत होती. काकड्याला जाणंही सोडलंस म्हणे. देवापुढं कोणत्या तोंडानं उभं राहू, असं विचारतोस. पैशाचं शेवटी लिहिते. आधी तुझ्याच गावच्या एका माणसाचं ऐक.

मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजे आपले बाबा आमटे, 26 डिसेंबर 1914 ला हिंगणघाटात जन्मले. घरची जमीनदारी, पुढे वकिली, वरोऱ्यात नाव झालेलं. रेल्वेत गोरे सोजीर बायकांची छेड काढत होते, तेव्हा हा गडी एकटा त्यांना भिडला. ते कानावर आल्यावर गांधीजींनी त्यांना ‘अभयसाधक’ म्हटलं.

मग ती पावसाची संध्याकाळ आली. वरोऱ्यात गटाराच्या कडेला काहीतरी पडलं होतं. आधी चिंध्यांचं गाठोडं वाटलं. बाबांना जवळ गेल्यावर दिसलं की तो माणूस आहे, कुष्ठरोगानं बोटं झडलेला, जखमांत किडे वळवळणारा. तुळशीराम त्याचं नाव. आणि गोऱ्या शिपायांना न भ्यालेला अभयसाधक घराकडे पळत सुटला.

बाबांनी पुढे कुष्ठरुग्णांसाठी उभ्या केलेल्या आनंदवनाचं कौतुक करताना लोक हे पळणं एका वाक्यात उरकतात. मला तर सगळं तिथंच आहे असं वाटतं. बाबांनी ते झाकलं नाही. आपण घाबरलो, हे त्यांनी पुढे जन्मभर उघड सांगितलं. त्या भीतीनं त्यांना बसू दिलं नाही, तेव्हा ते तुळशीरामाकडे परत गेले, त्याला खाऊ घातलं, पावसापासून आडोसा उभा केला. तुळशीराम काही वाचला नाही. पण बाबा परत गेले तेव्हा तो तिथंच होता, आणि त्यानं ‘आधी का पळालास’ असं विचारल्याचं कुणी सांगत नाही. बाबा देवळात रमणारे नव्हते, म्हणून याला देवाची दया म्हटलेलं त्यांना रुचलं असतं की नाही, कोण जाणे. मी म्हणते. ज्याला टाकून आपण पळालो त्याचीच सेवा करायची संधी पुन्हा मिळावी, यापेक्षा मोठी दया कोणती?

कुष्ठसेवेचं काम तेव्हा वर्ध्याजवळ दत्तपूरला चाललं होतं. मनोहर दिवाणांनी ते 1936 मध्ये सुरू केलं होतं. कुष्ठरोग्याला शिवायचं नाही, असा तो काळ. बाबांनी त्यांच्याकडे हे काम पाहिलं, पुढे कलकत्त्याला जाऊन त्याचं वैद्यकीय शिक्षण घेतलं. 1951 मध्ये विनोबांच्या हस्ते आनंदवनाचं उद्घाटन झालं. सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये, एवढ्यावर तो संसार मांडला होता असं सांगतात.

विनोबांचं नाव निघालंच आहे, तर पवनारचं शिल्प आठवून बघ. लहानपणी तुला धाम नदीवर नेलं होतं, तेव्हा तुझं सगळं लक्ष पाण्यात. विनोबा 1938 मध्ये तिथं आले ते अगदी खंगून, वजन अवघं 88 पौंड. जमनालाल बजाजांच्या बंगल्यात राहून त्यांनी शेत खणायला घेतलं, आणि त्या खणण्यात भरत-राम भेटीचं कोरीव शिल्प हाती लागलं. सहा वर्षांपूर्वी, 1932 मध्ये, धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलताना बाराव्या अध्यायापाशी त्यांनी भरताचाच विषय काढला होता. ती प्रवचनं साने गुरुजींनी टिपून घेतली, म्हणून आज आपल्या घराघरांत आहेत. विनोबांनी ही मूर्ती प्रसाद मानली आणि आश्रमात तिचीच स्थापना केली.

भरताचा दोष तुझ्यासारखा नव्हता, हे कबूल. राज्य मागितलं कैकेयीनं. पण डाग त्याच्या नावावर होता आणि लाजही त्यालाच होती. तरी तो चित्रकूटला गेला. एकटा, रात्रीचा, लपतछपत गेला नाही; अख्खी अयोध्या सोबत घेऊन, चारचौघांसमक्ष गेला. रामानं त्याला छातीशी धरलं. आणि मग काय केलं? जवळ ठेवून घेतलं नाही, पादुका देऊन परत पाठवलं, चौदा वर्षं राज्य सांभाळायला. कीर्तनकार मिठीपाशी गहिवरतात. मला हे परत पाठवणं जास्त मोलाचं वाटतं.

विनोबांनीही पुढे असंच केलं. मे 1960 मध्ये ते चंबळच्या खोऱ्यात गेले. मानसिंग डाकूचा मुलगा तहसीलदारसिंग फाशीची शिक्षा होऊन तुरुंगात होता, त्यानं त्यांना पत्र लिहिलं होतं. वीस बागी बंदुका खाली ठेवून शरण आले. विनोबांनी त्यांना भाऊ मानलं, पण कायद्याच्या हातून सोडवून नेलं नाही. खटले चालले. पोलीस अधिकारी तर रागावले होते, गुन्हेगारांचे लाड चाललेत म्हणाले. त्यांची तक्रार अगदीच खोटी नव्हती. ज्यांच्या घरातली माणसं मेली होती त्यांचं काय, हा प्रश्न उरतोच. तुझ्या बाबतीतही भिशीतल्या बायकांचा प्रश्न उरतो. गीतेच्या नवव्या अध्यायात, तिसाव्या श्लोकात, अत्यंत दुराचारी माणसालाही देवानं दार उघडं ठेवलंय. त्या दारातून आत जाणाऱ्याचं देणं फिटलं, असं मात्र तिथं कुठं म्हटलेलं नाही.

तर आता पैशाचं. मोबाइलमधून ते ॲप काढ आणि पासबुक आईच्या हातात दे. वहीत प्रत्येकीचं नाव आणि रक्कम लिही, कमी करून नको. येत्या रविवारी वही घेऊन त्यांच्याकडे स्वतः जा, आईला पुढं करू नकोस. त्या बोलतील, चार शब्द जास्तच बोलतील, ऐकून घे. दर महिन्याला किती देऊ शकतोस ते तिथंच सांग, आणि जेवढं जमेल तेवढंच सांग. पहिल्या हप्त्याला कमी पडलं तर मला फोन कर, मात्र ते उसने असतील. काकड्याला सोमवारपासून जायला लाग. त्यासाठी सगळे हप्ते फिटायची वाट पाहायची नाही.

तुझी,
आत्या