‘पार्ट वरून येत नाहीये’: एका डिझेल गाडीवाल्याचे अनुभवाचे बोल

पांढरकवड्यात राहून नवी डिझेल गाडी वापरायची म्हणजे इंजिनाची काळजी कमी आणि सेन्सरची जास्त. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचं मानक लागू झालं. डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा ५० पीपीएमवरून १० वर आली. धुरातली काजळी अडवायला डीपीएफ नावाची गाळणी आणि तिच्यावर नजर ठेवायला तापमानाचे, दाबाचे, नायट्रोजन ऑक्साइडचे सेन्सर गाडीत बसले. १ एप्रिल २०२३ पासून दुसरा टप्पा आला आणि ही नजर आणखी कडक झाली. माझ्या गाडीतला इंजिन-बिघाडाचा पिवळा दिवा वॉरंटीच्या पहिल्याच वर्षात लागला. पार्टची वाट बघण्यात पावसाळा निघून गेला. कंपनीचं नाव घेत नाही, कारण हीच रड मी वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाडीवाल्यांकडून ऐकली आहे. त्यातून जे शिकलो ते असं.

१. दिव्याचा रंग बघा, मग घाबरा.

पिवळा दिवा स्थिर आहे आणि गाडी नेहमीसारखी ओढते आहे, तर सावकाश घरी जाता येतं. लाल दिवा ऑइलचा किंवा तापमानाचा असेल तर तिथेच बाजूला घ्या. तिसरा प्रकार फसवा असतो. पिवळा दिवा लागतो आणि गाडीची ताकद एकदम पडते. इंजिन स्वतःला वाचवायला तसं करतं. अशा वेळी नागपूर-हैदराबाद हायवेवर कंटेनरला ओव्हरटेक करायला जाऊ नका. पॅडल दाबलं तरी गाडी उचलणार नाही.

२. कोड वाचा, पण पुसू नका.

बिघाडाचा कोड वाचणारा ओबीडीचा छोटा स्कॅनर आता स्वस्तात मिळतो. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावला की मोबाइलवर कोड दिसतो. त्याचा फोटो काढा. तारीख आणि किलोमीटर त्यात दिसतील असा एक फोटो डॅशबोर्डचाही घ्या. कोड पुसायचा मोह मात्र आवरा. बिघाड झाला त्या क्षणी वेग किती होता, इंजिन किती तापलं होतं, ही नोंद कोडबरोबर पुसली जाते. मग वर्कशॉपवाला म्हणायला मोकळा, ‘गाडीत काहीच दिसत नाही, साहेब.’

३. कोडमध्ये सेन्सरचं नाव आलं म्हणजे सेन्सरच गेला असं नाही.

माझ्या गाडीत पी-२४५३ हा कोड आला होता. गाळणीच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब यातला फरक मोजणाऱ्या सेन्सरचं वाचन पटण्यासारखं नाही, एवढाच त्याचा अर्थ. वर्कशॉपने सेन्सर गेल्याचं सांगून नवा मागवला. तो आला, बसला आणि थोड्याच दिवसांत दिवा परत लागला. शेवटी आमच्या गावच्या ऑटो इलेक्ट्रिशियनने बॉनेट उघडलं आणि सेन्सरला जोडलेल्या दोन रबरी नळ्यांवरून बोट फिरवलं. एका नळीला वळणावर, क्लिपच्या अगदी खाली, नखाएवढी चीर होती. सरळ धरली की दिसायची नाही, वाकवली की तोंड उघडायची. ‘भाऊ, सेन्सर बिचारा खरं बोलत होता,’ एवढंच तो म्हणाला.

थर्मामीटर बदलून ताप उतरत नाही. म्हणून सेन्सर मागवण्याआधी नळ्या, वायरिंग आणि कनेक्टर तपासले का, हे विचारा आणि ते वर्कशॉपच्या जॉबकार्डवर लिहून घ्या. आपल्याकडे कापूस घरात आला की उंदीरही मागोमाग येतात आणि गाडी शेजारीच उभी असते. वायर कुरतडलेली निघाली तर वॉरंटीत बसवायला कंपन्या सहसा तयार नसतात. विमा घेताना उंदरांनी केलेलं नुकसान त्यात धरलं आहे का, तेही पाहून ठेवा. आणि वॉरंटीतल्या गाडीची वायर बाहेर कापू देऊ नका. बघायला हरकत नाही, पण कापली की कंपनीला हात झटकायला कारण मिळतं.

४. शेतातला युरिया टाकीत नको.

सगळ्याच डिझेल गाड्यांना डीईएफ, म्हणजे धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी करायला फवारलं जाणारं द्रावण, लागत नाही. ज्यांना लागतं त्यांच्या टाकीत ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षारमुक्त पाणी असतं. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात युरियाचं पोतं घराघरात, त्यामुळे ‘पाण्यात कालवून टाका’ असा सल्ला देणारा कुणीतरी भेटतोच. खताच्या युरियाला २०१५ पासून निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा आहे. ते तेल आणि साध्या पाण्यातले क्षार फवाऱ्यात अडकतात आणि मग पंपापासून सेन्सरपर्यंत सगळंच बिघडतं. डीईएफला उन्हाचंही वावडं आहे. २५ अंशाला दीड वर्ष टिकणारं द्रावण ३५ अंशाला साधारण सहा महिन्यांतच उतरतं. मे महिन्यात पत्र्याखाली कॅन साठवू नका आणि घेताना तारीख बघा. टाकी पूर्ण रिकामी होऊ दिली तर अनेक गाड्या बंद केल्यावर पुन्हा सुरूच होत नाहीत.

५. गाडीला मोकळा रस्ता दाखवा.

घर, बाजार, शाळा, जिनिंग आणि परत घर. एवढ्याशा फेऱ्यांत गाळणी तापतच नाही. साठलेली काजळी जाळायला तिला सुमारे ६०० अंश तापमान लागतं. मी आता आठवड्यातून एकदा करंजीच्या दिशेने हायवेवर गाडी काढतो आणि वीस-पंचवीस मिनिटं एकसारख्या वेगाने चालवतो. उभ्या गाडीचे आरपीएम नेहमीपेक्षा जास्त, पंखा जोरात आणि मायलेज अचानक पडलेलं दिसलं, तर गाळणीची सफाई चालू असण्याची शक्यता असते. त्या वेळी शक्यतो चावी बंद करू नका. सफाई वारंवार अर्धवट राहिली तर डिझेल इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका, वर्कशॉप गाठा.

६. जॉबकार्डावर नाही ते घडलंच नाही.

‘चेक करून ठेवतो’ या शब्दावर गाडी सोडून येऊ नका. तक्रार तुमच्या शब्दांत, कोडसकट, तारीख आणि किलोमीटर घालून लिहून घ्या आणि प्रत खिशात ठेवा. गाडी परत घेताना ‘पार्ट उपलब्ध नाही, प्रतीक्षेत’ एवढं तरी लिहून द्यायला लावा. वॉरंटी संपत आलेली असेल तर हा कागद सोन्याच्या मोलाचा. बिघाड मुदतीत सांगितला होता याचा दुसरा पुरावा तुमच्याकडे नसतो.

७. ‘वरून येत नाहीये’ हे उत्तर नव्हे.

वर म्हणजे कुठून, ते विचारा. पार्ट नंबर, ऑर्डर नंबर आणि ऑर्डरची तारीख या तीन गोष्टी मागा. बरेचदा तिसऱ्या प्रश्नाला कळतं की ऑर्डर कालच टाकली आहे. गाडी चालवण्यासारखी नसेल तर ऑर्डर ‘व्हीओआर’ म्हणून टाकायला सांगा. रस्त्यावरून उतरलेल्या गाडीसाठी ही तातडीची ऑर्डर असते आणि साध्या ऑर्डरच्या आधी तिचा नंबर लागतो. पार्ट नंबर हातात आला की स्वतःही फोन करा. यवतमाळ, अमरावती, नागपूर, चंद्रपूर, नांदेड इथे विचारा. आमच्या पांढरकवड्याला तर आदिलाबाद नागपूरपेक्षा जवळ पडतं. राज्य बदललं म्हणून कंपनीची वॉरंटी बदलत नाही. देशातल्या कुठल्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये ती चालते.

८. आवाज चढवू नका, पायरी चढा.

काउंटरवरच्या पोराला रागावून काही होत नाही, त्याच्या हातात काही नसतं. आधी डीलरला ई-मेल, मग कंपनीला, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५. तरीही हालचाल नसेल तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. डीलर नागपूरचा असला तरी खटला यवतमाळला चालतो. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते, मुदत दोन वर्षांची. १० ते २० लाखांच्या गाडीला फी फक्त ४०० रुपये आहे.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. गाडी फर्मच्या नावावर असेल तर ‘व्यावसायिक वापर’ म्हणून समोरचा वकील हरकत घेणारच. आणि एका सेन्सरसाठी नवी गाडी मागू नका. वॉरंटी म्हणजे सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याची जबाबदारी, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली मारुती उद्योगच्या खटल्यात सांगितलं आहे. पार्ट, वाया गेलेले दिवस आणि झालेला खर्च मागा. ते पटवून देता येतं.

बिघाड पर्यावरणाला किंवा प्रवाशांना घातक असेल तर मोटार वाहन कायद्यात गाड्या परत बोलावण्याची, म्हणजे रिकॉलची तरतूद आहे. १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियमही लागू आहेत. पण त्यासाठी तक्रारींची ठरावीक संख्या जमावी लागते. म्हणून एकट्याची का होईना, तक्रार नोंदवाच.

९. घेण्याआधी विचारा.

शोरूममध्ये सनरूफ दाखवतात, स्पेअर पार्टचा काउंटर कुणी दाखवत नाही. तो स्वतः जाऊन बघा. या मॉडेलचा दाबाचा सेन्सर आणि नायट्रोजन ऑक्साइडचा सेन्सर आज शेल्फवर आहे का, नसल्यास किती दिवसांत येतो, किंमत काय, वाढीव वॉरंटीत तो धरला आहे का, हे विचारा. उत्तर लेखी मागितलं की सेल्समनचा चेहराच अर्धं उत्तर देतो.

आणि रोजचं धावणं चार-पाच किलोमीटरच्या आतलंच असेल, तर मित्रांनो, मायलेजचा हिशोब बाजूला ठेवा आणि पेट्रोल घ्या. महिन्याला हजार-दीड हजार किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर पडत असतील तरच डिझेल परवडतं.