सीताफळं तोडायला निघताना

सूनबाई, पुस्तकातली पोरं सफरचंदं तोडताना पाहून आपल्या दोन्ही पोरांनीही हट्ट धरलाय म्हणे. इथल्या उन्हात सफरचंद कुठून धरणार? पण आश्विन-कार्तिकात सीताफळ भरतं आणि त्याचं झाड असतं बुटकं. मुलांना खांद्यावर घेतलं की हाताला फळ लागतं.

आपल्या रायपूरजवळच्या सिलतऱ्यात मात्र तोडू नका. स्पंज आयर्नच्या कारखान्यांची काळी धूळ फळाच्या खाचांत अशी बसते की धुऊनही निघत नाही. कांकेरची सीताफळं नावाजलेली, पण कांकेर रायपूरहून सुमारे १४० किलोमीटर. पोरं वाटेतच कावतील. धमतरीच्या रस्त्याला ओळखीच्या कुणाची बाग असेल तर तिथे जा, आणि आधी विचारून जा. रानातलं झाडही बेवारस समजू नका. तीच फळं टोपलीत भरून गावातल्या बायका रस्त्याकडेला विकायला बसतात, त्यावर त्यांची दिवाळी असते.

पहाटेच निघा, दहानंतर ऊन चटके देतं. मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बंद बूट घाला. धान अजून उभं असतं, तेव्हा बांधावरून चालताना मोठ्या माणसाने काठी आपटत पुढे राहावं. पाचोळ्यात पडलेलं फळ मुलांना उचलू देऊ नका.

आता मुख्य गोष्ट. मुलांना फळ दाबायला नाही, बघायला शिकवा. कच्च्या सीताफळाचे डोळे एकमेकांना चिकटून असतात. फळ भरत आलं की डोळे फुगतात, दोन डोळ्यांमधली खाच रुंदावते आणि तिथे पिवळसर पांढरी रेघ उमटते. ती रेघ दिसली तरच तोडायचं. चार वर्षांच्या पोरालाही हे कळतं, फक्त आपण घाई करायची नाही. त्याला दोन फळं शेजारी धरून दाखवा, तिसरं ते स्वतः निवडतं. ओढून तोडलं तर फळ देठाशी फाटतं, म्हणून कात्री न्या आणि थोडा देठ फळाला राहू द्या. खाचांत कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. असली फळं टोपलीत नकोत, त्यांच्यामागे मुंग्या येतात.

घरी आल्यावर पैऱ्यात, म्हणजे धानाच्या पेंढ्यात, नाहीतर कागदात ठेवा, दोन-चार दिवसांत पिकतात. कच्चं फळ फ्रिजमध्ये ठेवलं की काळं पडतं आणि नीट पिकतही नाही.

बियांचं नीट ऐका. धाकटीला गर बी काढूनच भरवा, बी घशात अडकते. थोरल्याने एखादी अख्खी गिळली तर घाबरू नका, ती तशीच बाहेर पडते. ठेचलेली बी मात्र विषारी. उवांसाठी बियांची पूड डोक्याला लावायची जुनी चाल आहे. ती पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते. कुणी कितीही सांगितलं तरी तो उपाय मुलांच्या डोक्यावर करू नका. खाऊन झालं की बिया मोजून गोळा करा, खेळायला देऊ नका.

दिवाळी उलटली की बहर सरत जातो. या रविवारीच निघा.