कॉम्प्युटरच्या हिशेबात पैसे का चुकतात?

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या पेठांत खातेवही आता कॉम्प्युटरवर गेली आहे. तयार प्रोग्रॅम विकत घेणारे बरेच. पण यंत्रमागाची मजुरी, सुताची आवक-जावक, भागीदारांचा वाटा आपल्या पद्धतीने बसावा म्हणून एखाद्या होतकरू मुलाकडून प्रोग्रॅम लिहून घेणारेही आहेत. अशा वेळी पडद्यावर काय दिसेल तेवढेच आपण विचारतो. रक्कम आत कोणत्या प्रकारात साठवली जाणार, हे कोणी विचारत नाही. मेख तिथेच आहे.

डेटाबेसमध्ये प्रत्येक रकान्याचा प्रकार ठरवावा लागतो : मजकूर, तारीख, आकडा. अपूर्णांकी आकड्यासाठी मुख्यतः ‘फ्लोट’ आणि ‘डेसिमल’ असे दोन मार्ग. नवशिका अनेकदा फ्लोट निवडतो, आणि दोन-चार बिले तपासली तर सारे बरोबरच दिसते.

फ्लोटची अडचण जुन्या आण्यांवरून लवकर उमगते. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. त्याआधी रुपयाचे सोळा आणे होते. रुपयाचा निम्मा आठ आणे, त्याचा निम्मा चार, मग दोन, मग एक आणा. फ्लोट असाच निम्मे-निम्मे करत मोजतो. म्हणून पन्नास पैसे, पंचवीस पैसे त्याला बिनचूक कळतात. दहा पैसे मात्र कितीही वेळा निम्मे केले तरी नेमके हाती लागत नाहीत; तो जवळचा आकडा लिहून मोकळा होतो. ‘डबल’ नावाच्या मोठ्या फ्लोटमध्येसुद्धा ०.१० आणि ०.२० यांची बेरीज ०.३० शी ताडली, तर उत्तर ‘समान नाही’ असे येते. साध्या फ्लोटला तर १,३१,०७२ रुपयांपुढे प्रत्येक पैसा वेगळा ठेवता येत नाही. १,६७,७७,२१७ रुपये लिहिले तर एक रुपया कमीच साठतो.

डेसिमल आपल्यासारखाच दहाच्या पटीत अंक जसेच्या तसे ठेवतो. रकमेसाठी एकूण १५ अंक, त्यांतले २ दशांश, एवढे आपल्या धंद्याला पुरते. काही जण सर्व रकमा पैशांत, पूर्णांकात ठेवतात. तेही चांगले, पण मोठा पूर्णांक घ्यावा. साधा ३२ बिटांचा २,१४,७४,८३६ रुपये ४७ पैशांवर संपतो.

आता दराकडे पाहू. रक्कम दोन दशांशांत म्हणून दरही दोन दशांशांत ठेवला, की विणकर मारला जातो. मजुरी पिकावर, म्हणजे इंचातल्या एका आडव्या धाग्यामागे मीटरला इतके पैसे, अशी ठरते. समजा पिकाला सव्वाअकरा पैसे ठरले आणि कापड ५२ पिकांचे आहे. मीटरला ५ रुपये ८५ पैसे झाले. पण रकान्याने ०.११२५ चे ०.११ केले, तर ५ रुपये ७२ पैसेच निघतात. दहा हजार मीटरला १,३०० रुपये विणकराच्या हक्कातून गेले, आणि कोणाची नियत खराब नव्हती! मापात कमी देणाऱ्यांना सूरह अल-मुतफ्फिफीनमध्ये जी ताकीद आहे, ती गजाला लागू आणि या रकान्याला नाही, असे मला म्हणता येत नाही. म्हणून दर चार दशांशांत ठेवावा, गुणाकार आधी करावा आणि दोन दशांशांवर शेवटी एकदाच यावे.

भागाकाराचे दुखणे डेसिमलनेही जात नाही. शंभर रुपये तिघांत वाटले की ९९.९९ होतात. उरलेला पैसा कोणाच्या नावे टाकायचा, हे भागीदारांनी आधीच कागदावर ठरवून प्रोग्रॅमरला सांगावे. नाहीतर तो आपल्या मर्जीने ठरवतो.

फ्लोटवर चालू असलेला प्रोग्रॅम बदलायचा असेल, तर आधी पूर्ण नक्कल वेगळी ठेवा. रकाना डेसिमल केल्यावर प्रत्येक पार्टीची बाकी छापील उताऱ्याशी ताडा. फरक निघाला तर मूळ बिल काढून दुरुस्तीची स्वतंत्र नोंद घाला. जुन्या आकड्यावर हात फिरवू नका. मार्चअखेरच्या गडबडीत हे काम काढू नये, आणि रमजानच्या सीझनमध्ये तर मुळीच नको.