उडान योजना : छोट्या शहराचं विमान आणि तीन वर्षांचं अनुदान



तुम्ही घाटकोपर, साकीनाका किंवा मरोळला राहत असाल, तर डोक्यावरून विमान गेलं तरी आता मान वर करत नसाल. आपल्याला ते रोजचंच आहे. पण सिंधुदुर्ग जिल्ह्यात, वेंगुर्ला तालुक्यातल्या चिपीला ९ ऑक्टोबर २०२१ रोजी विमानतळ सुरू झाला, तेव्हा ती मोठी बातमी होती. अंधेरी-बोरिवलीतल्या कोकणी घरांसाठी रात्रभराचा प्रवास दीड तासावर आला. ऑक्टोबर २०२४ मध्ये तीन वर्षांची मुदत संपली आणि मुंबई-चिपीची ही विमानसेवा बंद पडली. कसली मुदत? तेच आज समजून घेऊया.

उडान म्हणजे काय?

'उडे देश का आम नागरिक' या नावातल्या पहिल्या अक्षरांवरून 'उडान' शब्द तयार झाला. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१६ मध्ये ही योजना आणली. २७ एप्रिल २०१७ रोजी सिमला-दिल्ली विमानाने तिची सुरुवात झाली. त्याच दिवशी आपल्या नांदेडहून हैदराबादची सेवाही सुरू झाली.

अनुदान कशासाठी?

एसटीचं उदाहरण घ्या. गावाकडची शेवटची गाडी सात-आठ प्रवासी घेऊन निघते, पण डिझेल भरलेल्या गाडीइतकंच लागतं. विमानाचंही तसंच. इंधन, वैमानिक, देखभाल हा खर्च रिकाम्या खुर्चीवरही होतोच. म्हणून कंपन्या छोट्या शहरांकडे वळत नाहीत.

या योजनेत विमानातल्या साधारण निम्म्या जागांचं भाडं ठरवून दिलं. सुरुवातीला एक तासाच्या प्रवासाला ते सुमारे २,५०० रुपये होतं. आता गणित करूया. समजा, विमानात ७० जागा आहेत आणि एका जागेचा खर्च ४,००० रुपये येतो (हा आकडा फक्त उदाहरणासाठी). सवलतीच्या जागा ३५. प्रत्येक जागेमागे तूट १,५०० रुपये. म्हणजे एका फेरीला ५२,५०० रुपये. ही तूट सरकार भरून देतं, पण फक्त तीन वर्षं.

पैसा कुठून येतो?

महाराष्ट्रासारख्या राज्यात केंद्राचा वाटा ८० टक्के आणि राज्याचा २० टक्के. केंद्राच्या वाट्यासाठी मोठ्या मार्गांवरच्या विमानांवर आकार लावला जातो. म्हणजे मुंबई-दिल्ली प्रवास करणारा माणूस नकळत छोट्या शहराच्या तिकिटाला हातभार लावतो. शिवाय विमानतळावर उतरण्याचं शुल्क माफ होतं आणि राज्य सरकार इंधनावरचा कर कमी करतं.

मग अडलं कुठे?

महालेखापरीक्षकांच्या (कॅग) २०२३ च्या अहवालातले आकडे पाहा. एकूण ७७४ मार्ग मंजूर झाले. त्यातले ४०३ सुरूच होऊ शकले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनीच तीन वर्षं पूर्ण केली, आणि मार्च २०२३ पर्यंत त्यापुढे टिकले फक्त ५४.

याची कारणं अनेक. कुठे विमानतळच तयार नव्हता. कुठे छोट्या कंपनीकडे पुरेशी विमानं नव्हती. मुंबईत तर उतरायला वेळ मिळणंच कठीण, कारण इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात आणि एका वेळी एकच वापरता येते. अनुदानाने तिकीट स्वस्त होतं, पण सोयीची वेळ आणि रोजचे प्रवासी अनुदानातून मिळत नाहीत.

अमेरिकेतही १९७८ पासून छोट्या गावांच्या विमानसेवेला सरकार पैसे देतं. तिथे ती योजना अजून चालू आहे. आपण मात्र तीन वर्षांत मार्गाने स्वतःच्या पायावर उभं राहावं, अशी अपेक्षा ठेवतो.

खरा प्रश्न इथेच आहे. छोट्या शहराचं विमान ही एसटीसारखी सेवा आहे की नफ्याचा धंदा? सेवा म्हणावी, तर विमानात बसणाऱ्या थोड्या लोकांसाठी किती खर्च करायचा? धंदा म्हणावा, तर तिकिटावर अवलंबून राहू लागलेल्या प्रवाशाने चौथ्या वर्षी काय करायचं? घरी यावर जरूर बोला.

स्वाध्याय

१. वरच्या उदाहरणात एका जागेचा खर्च ४,५०० रुपये धरला, तर एका फेरीची तूट किती?
२. मंजूर मार्गांपैकी किती टक्के मार्ग सुरू झाले नाहीत?
३. अनुदानाला तीन वर्षांची मुदत असावी का? तुमचं मत पाच-सहा वाक्यांत लिहा.